बस्त्याचे बिल आणि सरकलेली ओळ

लग्नसराईत हिंगोलीच्या कापड दुकानांत बस्ते बांधले जातात तेव्हा एकेका बिलावर साठ-सत्तर ओळी सहज होतात. शालू, मानपानाच्या साड्या, शर्टिंग-सुटिंगचे पीस, आहेराचे टॉवेल-टोपी. गिऱ्हाईक माल घरी नेते, बायकांना दाखवते आणि न आवडलेले नग परत आणते. पक्के बिल त्यानंतर. म्हणजे यादीतल्या काही ओळी काढायच्या, एखाद-दुसरी घालायची, कुठे सहाचे चार नग करायचे. आमचे वडील हे काम लाल शाईच्या एका रेघेने करीत. रेघ मारलेली ओळ जागेवरच राही. संगणकात मात्र ओळ काढली की खालच्या साऱ्या ओळी वर सरकतात, आणि आम्ही फसलो ते याच ठिकाणी.

औंढ्याकडील एका घरचा बस्ता होता, चौसष्ट ओळींचा. प्रत्येकी ९०० रुपयांच्या दोन साड्या परत आल्या. त्या बाराव्या व तेराव्या ओळीवर होत्या. आम्ही एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतलेल्या प्रोग्रामने बारावी ओळ काढली. त्याबरोबर तेरावी झाली बारावी आणि चौदावी झाली तेरावी. प्रोग्राम आपला पुढे गेला आणि तेरावी म्हणून त्याने जी काढली ती मुळातली चौदावी, ४,८०० रुपयांचा शालू! परत आलेली साडी बिलात राहिली, नेलेला शालू उडाला. ३,९०० रुपयांची तफावत, कर वेगळा. बेरीज चोख लागत होती, मग संशय कोणाला येणार? आठ दिवसांनी मुलीचे मामा बिल घेऊन दुकानात आले. "शेठ, शालूचे पैसे घेतलेच नाहीत तुम्ही, आणि परत दिलेल्या साडीचे मात्र लावलेत." पैसे ते देऊन गेले, पण त्यांच्यासमोर मान वर करवेना. पक्के बिल निघाल्यावर ओळ खोडून चालत नाही. साडीची क्रेडिट नोट केली, शालूचे वेगळे बिल.

उपाय अगदी साधा निघाला. ओळी काढायच्या त्या शेवटून सुरुवात करून, खालून वर. तेरावी आधी, बारावी नंतर. मग वरच्या ओळींचे नंबर हलत नाहीत. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणे काही जड नाही, पण आमच्या प्रोग्रामवाल्याला ते सुचले नव्हते. नेटसूटसारख्या बड्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही ओळ काढली की खालच्या सरकतातच. शिवाय त्याच्या जुन्या प्रोग्राम-भाषेत पहिल्या ओळीचा नंबर १ होता, नव्या भाषेत तो ० झाला. तेव्हा चूक केवळ गावाकडच्या माणसाचीच होते असे नाही.

म्हणून जाणते लोक ओळ शोधणे, घालणे, काढणे, बेरीज करणे ही कामे एकदाच नीट लिहून ठेवतात आणि चलन, बिल, क्रेडिट नोट सगळीकडे तीच वापरतात. अशा तयार कामांच्या संचाला ते लायब्ररी म्हणतात. टॅली वापरणाऱ्यांनाही टीडीएल भाषेत असे जोडकाम करून घेता येते. याचा फायदा आम्हाला २२ सप्टेंबर २०२५ रोजी कळला. त्या दिवसापासून तयार कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी झाला. आधी ती रेषा १,००० रुपयांवर होती आणि वरचा दर १२ टक्के. ज्यांच्या प्रोग्राममध्ये हा आकडा दहा ठिकाणी लिहिलेला होता त्यांना दहाही ठिकाणी बदलावा लागला. आम्ही तोवर शहाणे झालो होतो, एकाच ठिकाणी बदलला.

सूट देतानाही ओळ सांभाळावी लागते. २,६०० रुपयांच्या शेरवानीवर १८ टक्क्यांनी ४६८ रुपये कर बसतो. बिलातच १० टक्के सूट दाखवली तर किंमत २,३४० होते आणि कर ५ टक्क्यांनी ११७ रुपये. ही सूट बिलाच्या तळाशी एकरकमी टाकली आणि प्रोग्रामने ती ओळीओळीत वाटली नाही, तर गिऱ्हाईकाकडून विनाकारण जास्त कर घेतला जातो. साडी मात्र कितीही महाग असो, तिला ५ टक्केच.

नवा प्रोग्राम घेणाऱ्या बांधवांनी पाच ओळींचे खोटे बिल करून बघावे आणि दुसरी व तिसरी ओळ एकदम काढावी. पहिली, चौथी, पाचवी उरली तर ठीक. चौथी गेली आणि तिसरी उरली, तर प्रोग्रामवाल्याला चहा पाजून पुन्हा कामाला बसवावे, पैसे नंतर.