‘कसं वाटतंय?’ याचं उत्तर ‘बरं’ आलं म्हणजे सगळं बरं असतं का? ऑटिझम आणि मानसिक उपचार

समजा, किनवट तालुक्यातल्या एका गावात 20 वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या ऑटिझमचं निदान लहानपणीच झालंय. गेले दोन महिने तो रात्री नीट झोपत नाही, जेवण कमी झालंय आणि जीव की प्राण असलेलं रेल्वेचं वेळापत्रकही तो हातात घेत नाही. घरचे त्याला पहाटेच्या एसटीनं नांदेडला दवाखान्यात आणतात. तिथं केसपेपरची रांग, नावांचा पुकारा, फिनाईलचा वास, गर्दीची रेटारेटी. नंबर लागेपर्यंत तो कान झाकून कोपऱ्यात बसलेला असतो. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" तो म्हणतो, "बरं."

तो खोटं बोलत नाही. बाहेरच्या गोंगाटातून शांत खोलीत आल्यावर त्या क्षणी त्याला खरंच बरं वाटतंय. प्रश्न दोन महिन्यांबद्दल आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

ऑटिझम हा मानसिक आजार आहे का?

नाही. ऑटिझममध्ये मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार जगात साधारण 127 पैकी एक व्यक्ती ऑटिस्टिक आहे. मराठीत यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रुळलाय, पण तो थोडा फसवा आहे. ही माणसं स्वतःतच रमलेली असतात, त्यांना इतरांचं काही पडलेलं नसतं, असा त्यातून समज होतो. प्रत्यक्षात अनेकांना माणसं हवी असतात, पण बोलण्या-वागण्याचे न सांगितलेले नियम ओळखणं जड जातं.

मात्र ऑटिस्टिक व्यक्तीला मानसिक आजार होऊ शकतो. चिंता आणि नैराश्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. आत्महत्येचा धोकाही जास्त आढळलाय. त्यामुळे निदान चुकणं इथं महागात पडू शकतं.

मग त्रास लक्षात का येत नाही?

पहिलं कारण म्हणजे सगळं ऑटिझमच्या खात्यावर टाकलं जातं. मूल जेवत नाही, चिडतं, डोकं आपटतं, तर "त्याचं असंच असतं" म्हणून विषय संपतो. पण जे गेल्या काही आठवड्यांत *बदललंय*, ते ऑटिझममुळे नसण्याची शक्यता मोठी असते. कधी दाढ दुखत असते, कधी पोट, कधी मन.

दुसरं, अनेकांना स्वतःच्या भावनांना नाव देता येत नाही. छातीत धडधडतंय हे कळतं, पण ती भीती आहे हे कळत नाही. "मन मोकळं कर" या वाक्यातून नेमकं काय करायचं, हेही उमगत नाही.

तिसरं, काही जण ऑटिझम लपवायला शिकलेले असतात, विशेषतः मुली. लातूरच्या शिकवणी वर्गांत 'नीट'ची तयारी करणारी, उत्तम मार्क मिळवणारी, पण रोज खोलीवर येऊन कोसळणारी मुलगी ऑटिस्टिक असू शकते, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

नांदेड-लातूरमध्ये सोय कुठे आहे?

18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' आहे. त्यात अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. लातूरमध्ये ऑटिझमसाठी 'उमंग' आणि सेरेब्रल पाल्सीसाठी हरंगुळचं 'संवेदना' केंद्र आहे. दोन्ही शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

खरी पोकळी 18 नंतर सुरू होते. बहुतेक थेरपी केंद्रांचा भर लहान मुलांवर असतो आणि मोठ्या माणसाला सर्वसाधारण मनोविकार ओपीडीच गाठावी लागते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. म्हणूनच नवी इमारत उभी राहायची वाट न पाहता आहे ती ओपीडी सोपी करणं महत्त्वाचं ठरतं.

काय बदललं तर फरक पडेल?

ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेनं 2012 मध्येच ऑटिस्टिक प्रौढांवरच्या उपचारांत करायचे बदल सांगितले होते. भाषा सरळ ठेवावी, अलंकारिक बोलणं टाळावं, लिहून किंवा चित्रातून दाखवावं, मधे विश्रांती द्यावी, व्यक्तीच्या आवडीच्या विषयाचा उपयोग करावा, असे ते बदल आहेत. यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही. आपल्याकडे हे असं करता येईल:

- वेळ: दिवसाचा पहिला किंवा शेवटचा नंबर.
- जागा: रांगेत नातेवाईक थांबेल, रुग्ण बाहेर झाडाखाली. नंबर आला की फोन.
- प्रश्न: "कसं वाटतंय?"ऐवजी "गेल्या सात दिवसांत किती रात्री झोप मोडली?"
- उत्तर: बोलून, लिहून, मोबाईलवर टाईप करून किंवा चित्रावर बोट ठेवून, कसंही चालेल. उत्तरासाठी थोडं थांबायचं.
- भाषा: घरात तेलुगू, उर्दू किंवा गोरमाटी बोलत असतील, तर त्या भाषेत बोलू शकणारं माणूस सोबत.

हे मागण्याचा हक्क आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. त्याच्या कलम 25 नुसार दिव्यांगांना दवाखान्यात अडथळ्यांविना प्रवेश मिळावा आणि तपासणी-उपचारात प्राधान्य मिळावं, यासाठी उपाययोजना करणं सरकारवर बंधनकारक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नं मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय. रांगेत प्राधान्य मागताना दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड सोबत असलेलं बरं.

घरच्यांनी काय करावं?

एका कागदावर पाच ओळी लिहून न्या आणि बोलणं सुरू होण्याआधीच डॉक्टरांच्या हातात द्या:

1. ऑटिझम आहे, निदान अमुक वर्षी झालं.
2. एरवी तो कसा असतो.
3. काय बदललं आणि कधीपासून.
4. कशाचा त्रास होतो: आवाज, स्पर्श, उजेड.
5. त्याच्याशी कसं बोललं तर समजतं.

शक्य असेल तर आदल्या दिवशी दवाखान्याच्या गेटचा आणि ओपीडीचा फोटो त्याला दाखवा. उद्या काय काय होणार ते क्रमानं सांगा.

प्रवास जमत नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं ऑटिस्टिक व्यक्तीला अवघड जाऊ शकतं, तेव्हा सुरुवात घरच्यांनी करावी. जीव द्यायचं बोलणं कानावर आलं, तर "तो उगाच म्हणतो" असं समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

किनवटचा तो मुलगा पुढच्या वेळी येईल, तेव्हा त्याच्या खिशात तो कागद असेल. डॉक्टर विचारतील, "वेळापत्रक शेवटचं कधी उघडलंस?" या प्रश्नाचं उत्तर तो तारखेसकट देईल. उपचार तिथून सुरू होऊ शकतात.