अंगात ताप, पाय मैदानात? थंडीत खेळ कधी थांबवायचा आणि परत कधी सुरू करायचा

दिवाळी सरली आणि सोयाबीन-मका घरात आला की निफाड, येवला, सिन्नर, दिंडोरी भागातल्या गावांत मैदानं गजबजायला लागतात. मोकळ्या रानात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. पहाटे साडेपाचला पोरं डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात, त्यात काही भरतीची तयारी करणारी, तर काही नुसती हौसेची. शनिवार-रविवारी साल्हेर आणि कळसुबाईच्या वाटेला मोटारसायकली लागतात. नांदूरमध्यमेश्वरला गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघणारे येतात. वर्षभर शेतीत अडकलेल्या माणसाला हौसेसाठी मिळणारे हेच तीन महिने.

आणि नेमकी याच दिवसांत घरोघरी सर्दी, खोकला, कणकण सुरू होते. फायनल मॅच तोंडावर आलेली असते, ट्रेकची वर्गणी भरलेली असते. मग 'एक गोळी घेतो आणि खेळतो' असं म्हणून माणूस मैदानात उतरतो. बहुतेक वेळा निभावतं. पण कधी कधी निभावत नाही, आणि तेव्हा ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे कोणत्या आजारात बाहेर पडलेलं चालतं आणि कोणत्या आजारात अजिबात नाही, हा फरक प्रत्येकाला कळायला हवा.

थंडीने सर्दी होते का?

नुसत्या गारठ्याने सर्दी होत नाही. सर्दी होते विषाणूमुळे. सर्दी करणारे विषाणू दोनशेपेक्षा जास्त आहेत, म्हणूनच एकदा सर्दी होऊन गेली तरी दोन महिन्यांनी ती परत होते. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा हा त्यांच्यापेक्षा वेगळा आणि जास्त जोरकस आजार. आपल्या देशात फ्लूचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या अखेरीस आणि दुसरा जानेवारी ते मार्च. म्हणजे दुसरा हंगाम बरोबर स्पर्धांच्या आणि यात्रांच्या दिवसांत येतो.

थंडी मात्र विषाणूला मदत करते. कोरड्या, गार हवेत विषाणू जास्त वेळ तग धरतो. नाकाच्या आतली ओल कमी होते आणि तिथली संरक्षणाची ताकद घटते. दारं-खिडक्या बंद करून माणसं एका खोलीत झोपतात. त्यात झोपेची उपासमार. उन्हाळ कांद्याची लागवड सुरू असते, शेतीची लाईट रात्रीची असली की माणूस रात्री भरणं धरतो आणि सकाळी तसाच खेळायला जातो. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून पाहिला होता. सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपट निघाली. थंडीत आजारी न पडण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे झोप.

मैदानावरची आणखी एक सवय आजार पसरवते. वीस लिटरचा पाण्याचा जार आणि त्याच्यावर एकच ग्लास. दोन्ही संघ त्याच ग्लासाने पाणी पितात. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून आजार पसरवू शकतो आणि नंतरचे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. म्हणजे आज ठणठणीत दिसणारा खेळाडूही उद्या आजारी निघू शकतो. प्रत्येकाने स्वतःची बाटली आणली तर हा मार्ग तरी बंद होतो.

त्रास मानेच्या वर आहे की खाली?

खेळाडूंचे डॉक्टर एक सोपी कसोटी वापरतात. त्रास फक्त मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येतात, घसा थोडा खवखवतोय आणि अंगात ताप नाही, तर हलका व्यायाम चालतो. आधी दहा मिनिटं चालून बघायचं. बरं वाटलं तर पुढे जायचं, डोकं जड वाटलं तर घरी परतायचं.

त्रास मानेच्या खाली असेल तर मैदान बंद. छातीत भरलेला खोकला, दम लागणं, अंग मोडून येणं, थंडी वाजणं, उलट्या-जुलाब यांपैकी काहीही असलं तर खेळायचं नाही. आणि ताप असेल तर बाकी काही बघायचंच नाही. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर आकडा म्हणजे पक्का ताप. थर्मामीटर घरात असणं म्हणूनच गरजेचं. हात लावून ताप बघण्यात फसगत होते.

सर्दी आणि फ्लू ओळखायचा कसा? सर्दी हळूहळू येते. आज घसा, उद्या नाक, परवा खोकला. फ्लू एकदम गाठतो. सकाळी चांगला असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं, उठवत नाही.

द्राक्ष पट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फवारणी करून आल्यावर लगेच खोकला, डोळ्यांतून पाणी, मळमळ, छाती आवळल्यासारखी वाटली तर ती सर्दी समजून घरी बसू नये. ती औषधाची बाधा असू शकते. औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

तापात पळणं धोक्याचं का?

आजारी बैलाला कुणी नांगराला जुंपत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र माणूस हा हिशेब विसरतो. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. म्हणजे नुसतं बसलेलं असतानाही हृदय जास्त काम करत असतं. त्यावर पळण्याचा भार टाकला की ते आणखी ताणलं जातं. घामाने अंगातलं पाणीही कमी होतं.

खरा धोका पुढे आहे. फ्लू, कोविड आणि सर्दी-घसा करणारे काही विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतात आणि तिथे सूज येते. डॉक्टर याला मायोकार्डायटिस म्हणतात. हे क्वचितच घडतं. पण घडलेलं असताना जोराचा व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडू शकते आणि तरणाताठा माणूस मैदानातच कोसळू शकतो. अशी सूज आहे असं निदान झालं तर स्पर्धेचा खेळ तीन ते सहा महिने बंद ठेवायला सांगतात. एक मॅच सोडायची की अख्खा हंगाम, असा हा सरळ हिशेब.

पन्नाशीच्या पुढच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनीही जपावं. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. कॅनडात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण इतर वेळेपेक्षा सुमारे सहापट दिसलं होतं. बीपी, शुगर किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी फ्लूमध्ये 'रोजचा फेरा चुकवायचा नाही' हा हट्ट सोडावा.

गोळी आणि सुई

पॅरासिटामॉल ताप उतरवते, विषाणू मारत नाही. तिचा असर चार ते सहा तास. सकाळी सातला गोळी घेतली की आठच्या मॅचला अंग हलकं वाटतं, पण आजार जिथल्या तिथे असतो. गोळीने ताप उतरला म्हणजे खेळायला मोकळीक मिळाली, असं नाही.

गावात दुसरी सवय म्हणजे अंगदुखीची सुई किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊन खेळणं. ताप, घाम आणि पाणी कमी झालेलं शरीर अशा वेळी या औषधांचा मूत्रपिंडावर ताण पडतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. ती घेऊन मोटारसायकल चालवत गडाच्या पायथ्याला जाणं म्हणजे वेगळाच धोका. अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही, त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच्या मनाने तीन गोळ्यांचं पाकीट आणून उपयोग नाही. फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे, पण ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा जास्त फायदा होतो. म्हणून गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण यांनी वाट बघत बसू नये.

पहाटेची हवा शुद्धच असते का?

पहाटेची हवा चांगली, असं सगळेच म्हणतात. हिवाळ्यात ते नेहमी खरं नसतं. निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण तयार होतं. चुलीचा, पाचट जाळल्याचा, शेकोटीचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. गोदाकाठच्या सखल भागात सकाळी धुराचा थर रस्त्यावर तरंगताना दिसतो, तो यामुळेच. ऊन चढलं की जमीन तापते आणि धूर वर निघून जातो.

पळताना माणूस तोंडाने श्वास घेतो. नाक हवेला गरम आणि ओलसर करतं, तोंडाला ते तितकं जमत नाही. गार, कोरडी हवा थेट छातीत गेली की काहींच्या श्वासनलिका आवळतात. पळणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकल्याची उबळ येते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. दम्याचा त्रास असलेल्यांना हे जास्त होतं, पण ज्याला दमा माहीतच नाही अशा पोरालाही होऊ शकतं. त्याला 'स्टॅमिना कमी आहे' म्हणून आणखी पळवू नये, डॉक्टरांना दाखवावं.

उपाय साधे आहेत. नाका-तोंडावर मफलर किंवा रुमाल बांधावा. पहिली दहा-पंधरा मिनिटं हलकं अंग मोकळं करावं. खोकला असेल तेवढे दिवस साडेपाचऐवजी आठला बाहेर पडावं. मैदानाच्या कडेला टायर आणि प्लास्टिक टाकून शेकोटी पेटवू नये.

गडावर आणि पाणथळीवर

साल्हेर १५६७ मीटर उंच आहे, कळसुबाई १६४६ मीटर. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, त्यात माथ्यावर वारा. चढताना घामाने भिजलेला शर्ट माथ्यावर अंगावरच गार पडतो. कोरडा बनियन आणि वारा अडवणारं जॅकेट पिशवीत असावं. कणकण असताना गड चढू नये, याचं कारण अंतर आहे. मैदानात ताप चढला तर घर जवळ असतं, गडावर चढला तर खाली उतरायलाच काही तास जातात. पायथ्याला आल्यावर १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका बोलावता येते, पण तिथवर माणूस आणावा लागतो.

नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये रामसर यादीत आलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. इथे अडचण उलटी आहे. पक्षी बघणारा माणूस पहाटे पाण्याच्या कडेला तास-दीड तास हलत नाही, त्यामुळे चालणाऱ्यापेक्षा त्याला जास्त थंडी लागते. कान, डोकं आणि पाय झाकावेत, खाली बसायला गोणपाट घ्यावं. ताप असलेल्याने मनोऱ्यावरच्या दाटीत जाऊ नये. पक्षी फेब्रुवारीतही असतात.

परत मैदानात कसं उतरायचं?

- गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आलेला नसावा. तोवर घराबाहेर खेळणं नाही.
- पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं साधं चालणं. दुसऱ्या दिवशी भरभर चालणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नेहमीच्या निम्मं, हळू पळणं.
- त्रास झाला नाही तरच वाढवायचं. दम लागला, छातीत धडधडलं तर थांबायचं आणि दाखवायचं.
- फ्लू होऊन गेला असेल तर स्पर्धा, वेगाने पळणं आणि गड चढणं यासाठी ताप गेल्यावर निदान एक आठवडा, अशक्तपणा असेल तर दोन आठवडे द्यावेत.
- सकाळी उठल्यावर अंथरुणातच मनगटावरची नाडी मिनिटभर मोजावी. रोजच्यापेक्षा दहा-बारा ठोके जास्त असतील तर शरीर अजून आजाराशी झगडतंय, त्या दिवशी विश्रांती.

कोरडा खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो, फक्त त्याच्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

दवाखाना लगेच कधी?

छातीत दुखणं, धडधड, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी दम लागणं, ओठ निळसर होणं, थुंकीतून रक्त येणं, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, किंवा उतरलेला ताप पुन्हा जोरात चढणं. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला तरीही थांबू नये.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे जानेवारीच्या स्पर्धेसाठी लस डिसेंबरच्या मध्यापर्यंत घेतलेली बरी. आणि कप्तानांसाठी एक गोष्ट. स्पर्धेला नाव देताना दोन-तीन राखीव गडी धरावेत. जागा भरायला माणूस असला की तापाने फणफणलेल्या पोराला 'आज तू घरी बस' असं सांगणं सोपं जातं, आणि त्या पोरालाही ते ऐकताना संघाला तोंडघशी पाडल्यासारखं वाटत नाही.