न ऐकू येणारे व्हायोलिन

व्हायोलिन बरे वाजू लागण्याआधी कित्येक वर्षे वाईट वाजते, आणि ती वर्षे एकट्या वादकाला नव्हे, भिंतीपलीकडच्या माणसांनाही सोसावी लागतात. मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी हे वाद्य हाती घेतले. नोकरी सांभाळून रियाजाला मिळत ते रात्री साडेनऊनंतरचे दोन तास. दोनेक वर्षांनी शेजारच्या काकूंना हृदयविकाराच्या झटक्यानंतर इस्पितळातून घरी आणले, तेव्हा त्यांच्या मुलाने दारात येऊन फार संकोचाने विचारले, "दादा, थोडे दिवस हळू वाजवता येईल का?" त्याचे म्हणणे रास्त होते. अडचण माझी होती. व्हायोलिन हळू वाजवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मला ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाच्या मागे लागून मी विजेच्या व्हायोलिनपर्यंत पोहोचलो. वाचत, दुकानांतून वाजवून पाहत आणि दोन वेळा चांगलाच चुकत जे हाती लागले, ते इथे मांडतो.

पेटी काय करते

व्हायोलिनचा आवाज तारेचा असतो असे आपण समजतो. पण बारीक तार स्वतः फार थोडी हवा हलवते. गजाची राळ लावलेली केसरे तारेला पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. ती थरथर घोडीतून खालच्या लाकडी पाटीत उतरते, आतल्या उभ्या दांडीमार्फत पाठीपर्यंत जाते, आणि सगळी पेटी बोलू लागते. आतल्या हवेलाही स्वतःचा एक कंप असतो. तो साधारण २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य मेळणीतल्या २९४ हर्ट्झच्या 'डी' तारेच्या जरा खाली येतो. लाकडाचे मुख्य कंप त्याच्या वर असतात. कोणता स्वर फुलेल, कोणता किंचित मागे राहील, हे या कंपांवर ठरते. एका व्हायोलिनचा गळा दुसऱ्यासारखा नसतो तो यामुळे.

हे सगळे वादकाच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर घडते. तिथे ८५ ते ९० डेसिबल आवाज सहज भरतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मधली भिंत काही आवाज खाते, पण जुन्या इमारतींतल्या भिंती फार खात नाहीत.

गज हलका ठेवून हळू वाजवता येते, पण तो उपाय नव्हे. नवशिक्याचा हलका गज तारेवर घसरतो, स्वर सुटतो आणि हाताला चोरून वाजवायची सवय लागते. आवाज कमी करायचा तर पेटीकडे जाणारी थरथर अडवावी लागते, किंवा पेटीच काढून टाकावी लागते. पहिला मार्ग म्हणजे घोडीवर बसवायचा म्यूट. रबराचा किंवा धातूचा हा जड तुकडा घोडीचे वजन वाढवतो आणि थरथर तिथेच रोखतो. काहीशे रुपयांत मिळतो. मला वाटते, विजेच्या व्हायोलिनचा विचार करणाऱ्याने आधी महिनाभर म्यूट लावून पाहावे. निम्म्या लोकांची गरज तिथेच भागेल. दुसरा मार्ग म्हणजे विजेचे व्हायोलिन.

मोठ्या आवाजासाठी झालेला शोध

गंमत अशी, की पेटी काढून टाकण्याची कल्पना आवाज वाढवण्याच्या धडपडीतून आली. ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे त्या काळात व्हायोलिनचा नाजूक आवाज मेणाच्या तबकडीपर्यंत पोहोचत नसे. लंडनमध्ये काम करणाऱ्या ऑगस्टस स्ट्रो यांनी १८९९ मध्ये पेटीऐवजी धातूचा कर्णा बसवलेल्या व्हायोलिनचे पेटंट घेतले, आणि १९२५ मध्ये मायक्रोफोनचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत ते स्टुडिओंतून वाजत राहिले. १९३० च्या दशकात अमेरिकेत जॅझ वादक स्टफ स्मिथ ब्रास वाद्यांच्या गदारोळात ऐकू जावे म्हणून व्हायोलिनला विजेचे बळ देऊ लागले. १९७० च्या दशकात फ्रान्सचे ज्याँ-लुक पाँती यांनी त्याला स्वतंत्र ओळख दिली. आपल्याकडच्या एल. शंकर यांनी दोन मानांचे, दहा तारांचे विजेचे व्हायोलिन घडवून घेतले आणि खर्जापासून तारसप्तकापर्यंतचा मोठा पल्ला एका वाद्यात आणला.

गोंगाटासाठी जन्मलेले हे वाद्य शांततेसाठी विकायची कल्पना बरीच नंतरची. यामाहा कंपनीने 'सायलेंट व्हायोलिन' १९९७ मध्ये बाजारात आणले. तेव्हापासून 'विजेचे व्हायोलिन' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गरजा दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या असतात: रात्रीचा रियाज आणि मंचावरचा कार्यक्रम. खरेदीतल्या बहुतेक चुका या दोन गरजा एक मानल्यामुळे होतात. माझीही तशीच झाली.

शांततेची किंमत

घन लाकडाचे किंवा नुसत्या चौकटीचे व्हायोलिन अगदी मुके नसते. गज तारेवर फिरतो तेवढा आवाज येतोच. शेजारच्या खोलीत कुणी हळू बोलत असावे, साधारण तेवढा. भिंतीपलीकडे तो जात नाही. वादकाला मात्र स्वर हेडफोनमधून मिळतो. घोडीत किंवा घोडीखाली पिझो जातीचे स्फटिक बसवलेले असतात. दाब पडला की त्यांच्यात वीज निर्माण होते. हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. तो सूक्ष्म प्रवाह वाढवून कानात सोडला जातो.

इथे एक व्यावहारिक सूचना. बिनतारी ब्लूटूथ हेडफोन या कामाचे नाहीत. आवाज त्यातून कानापर्यंत यायला बहुधा सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा लागतो. गाणी ऐकताना तो कळत नाही. गज फिरवताना मात्र आपलाच हात आपल्यामागून धावतो आहे असे वाटते. तारेचे हेडफोन घ्यावेत, आणि व्हायोलिनला बाहेरून तंबोरा जोडण्याची सोय आहे ना, ते पाहावे. तंबोरा वेगळा लावला तर एक कान उघडा ठेवावा लागतो आणि दोन्हींचा तोल जमत नाही.

माझे पहिले विजेचे व्हायोलिन स्वस्तातले होते. हेडफोनमध्ये सतत 'सस्स' असा आवाज, खुंट्या सरकणाऱ्या, घोडी इतकी उंच की तार दाबताना बोटे दुखत. तरी मी सहा महिने नेमाने त्यावर वाजवले. काकू बऱ्या झाल्या, मुलाने आभार मानले, आणि मी खुशीत लाकडी व्हायोलिन घेऊन गुरुजींकडे गेलो. बागेश्रीची आलापी पाच मिनिटे ऐकून त्यांनी थांबवले. म्हणाले, "बोटं सुधारलीत तुमची. गज कुठे गेला?"

गज खरोखर गेला होता. पेटी असलेले व्हायोलिन वादकाला सतत उत्तर देत असते. गज घोडीकडे सरकला, दाब जास्त झाला, वेग कमी पडला, की आवाज लगेच चिरकतो किंवा कोंडतो, आणि हात नकळत स्वतःला सावरतो. माझ्या त्या वाद्यात हे उत्तर फार क्षीण होते. आवाज कमी वाटला तर मी गजाऐवजी बटण फिरवत होतो. हेडफोनमधला कृत्रिम घुमारा माझे खडबडीत गज झाकून टाकत होता. सहा महिने मी स्वतःला खोटे ऐकवले. चांगल्या वाद्यात हा दोष कमी असतो, पण अजिबात नसतो असे नाही. म्हणून घुमारा बंद ठेवून वाजवावे, आवाज बेताचा ठेवावा, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस तरी लाकडी व्हायोलिनवर मोकळा गज फिरवावा.

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी

दुकानातली जवळपास सगळी विजेची व्हायोलिने उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली असतात. आपण मांडी घालून बसतो. वाद्याचा एक टोकाचा आधार छाती-खांद्याशी आणि दुसरा, म्हणजे वरचा वळसेदार शेंडा, उजव्या पायाच्या घोट्याजवळ. वाद्य असे दोन्हीकडून टेकलेले असल्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि लांब मींड घेता येते. आता काही आधुनिक मॉडेलांना शेंडाच नसतो. काहींची चौकट छातीला टेकतच नाही. काहींत बॅटरी आणि बटणे नेमकी अंगाशी येतात. अशा वाद्यावर हिंदुस्थानी मींड घेताना हात आधी वाद्य सांभाळतो आणि उरलेल्या लक्षात स्वर. म्हणून दुकानदाराला ओशाळवाणे वाटले तरी चालेल, पण जमिनीवर बसून वाजवून पाहावे.

आपण पट्टीप्रमाणे तारा उतरवतो, हेही ध्यानात घ्यावे. ढिल्या तारेवर काही पिकअप दुबळे पडतात. खर्जाची हौस असेल तर पाच तारांचे मॉडेल मिळते. त्याची पाचवी तार मूळ मेळणीत १३१ हर्ट्झवर असते. पण मान रुंद होते आणि गजाचा कोन नव्याने शिकावा लागतो. पहिल्या वाद्याला चार तारा पुरेत.

मंचावर

माझी दुसरी चूक एका छोट्या सभागृहात झाली. मित्रमंडळींचा कार्यक्रम होता. ध्वनिव्यवस्थेवरच्या मुलाने माझ्या व्हायोलिनची वायर सरळ मिक्सरमध्ये खोचली. पहिला षड्ज लावला आणि पत्र्याच्या डब्यावर तार ताणल्यासारखा आवाज आला. त्या मुलाला वाटले वाद्य फालतू, मला वाटले मिक्सर फालतू. दोघेही चूक होतो.

पिझो पिकअपची वीज अतिशय नाजूक असते. ती ज्या यंत्रात जाते त्या यंत्राचा अडथळा फार मोठा असावा लागतो, नाहीतर खालचे स्वर वाटेतच गळतात. पिकअपची धारिता एक नॅनोफॅरड धरून हिशेब करू. मिक्सरचा दहा हजार ओहमचा सामान्य मार्ग असेल तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचे सगळे क्रमाक्रमाने दुबळे होत जाते. म्हणजे जवळजवळ सगळे संगीतच. तोच मार्ग दहा लाख ओहमचा असेल तर ही रेषा १६० हर्ट्झपर्यंत खाली येते, आणि व्हायोलिनची सर्वांत खालची १९६ हर्ट्झची तारही बऱ्यापैकी शाबूत राहते. म्हणून पिकअप आणि मिक्सर यांच्यामध्ये प्रीॲम्प किंवा बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स हवा. ज्या व्हायोलिनमध्ये बॅटरी असते त्यात हे काम आतच होते. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा: पिकअपला आत प्रीॲम्प आहे का?

हे जमले तरी पेटीचा गळा परत येत नाही. पिकअप घोडीची थरथर ऐकतो, पेटीचे बोलणे नाही. अलीकडे खऱ्या व्हायोलिनच्या पेटीचा प्रतिसाद अंकांत साठवून विजेच्या स्वरावर चढवणारी यंत्रे मिळतात आणि त्यांनी फरक बराच पडतो. तरीही शांत बैठकीत, तबला आणि तंबोऱ्याच्या साथीला, माझी निवड लाकडी व्हायोलिन आणि समोर एक चांगला मायक्रोफोन हीच आहे. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी या वाद्याला हिंदुस्थानी गळा दिला तो त्या पेटीतूनच. प्रभाकर जोगांचे 'गाणारे व्हायोलिन' ऐकताना ओळखीच्या गाण्याचे शब्द ऐकू आल्याचा भास होतो. तो गजाच्या श्वासामुळे होतो, आणि पिकअप सगळ्यात आधी हरवतो तो हा श्वास. मात्र ड्रम आणि गिटारच्या शेजारी उभे राहायचे असेल तर मायक्रोफोन शिट्ट्या घालू लागतो. तिथे विजेचे व्हायोलिनच हवे, आणि तिथे ते उणे वाटत नाही.

घेताना

तेव्हा निवडीचा क्रम असा. फक्त रात्रीचा रियाज हवा असेल तर आधी म्यूट. तो अपुरा पडला तर आवाज स्वच्छ असलेले, साध्या बटणांचे, लाकडी व्हायोलिनच्या जवळच्या वजनाचे आणि आकाराचे विजेचे व्हायोलिन. कार्यक्रम हवे असतील तर पैसा रंगाऐवजी पिकअप आणि प्रीॲम्पवर घालवावा. दुकानात चारही तारा मोकळ्या, सावकाश, एकाच दाबाने वाजवाव्यात. एखादी तार ओरडत असेल किंवा दबत असेल तर पिकअपचा तोल बिघडलेला आहे. मग एकाच तारेवर षड्जापासून पंचमापर्यंत संथ मींड घ्यावी. मध्ये आवाज खचू नये. आवाज वाढवून न वाजवता नुसते ऐकावे, म्हणजे 'सस्स' कळते. शेवटी गज मुद्दाम वाईट फिरवावा. वाद्याने ती चूक ऐकवली तर ते रियाजाला योग्य. चूक लपवणारे वाद्य मंचावर कदाचित उपयोगी पडेल, शिकताना नाही.

माझा दिवस आता वाटून घेतला आहे. रात्री विजेचे, दुसरे आणि बरे. संध्याकाळी सात ते पावणेआठ लाकडी, खिडकी उघडी ठेवून. हे सुरू करण्याआधी काकूंची परवानगी मागायला गेलो होतो. त्यांना राग ओळखता येत नाहीत. पण म्हणाल्या, "वाजवा की. ते एक कुठेतरी वर जाताना तुमचं नेहमी घसरतं, तेवढं बघा मात्र." बागेश्रीतला तो कोमल गंधार होता. गुरुजींनीही तोच दाखवला होता. हेडफोन लावून सहा महिने मला तो एकदाही ऐकू आला नव्हता.