पिसवा मांजरीवर कमी, घरात जास्त

गेल्या पावसाळ्यात बहिणीच्या आजारपणामुळे आम्ही सारे पंधरा दिवस धुळ्याला होतो. मांजर शेजारच्या काकूंकडे ठेवली होती. जळगावला परतून कुलूप काढले, आत पाऊल टाकले, तोच पोटऱ्यांवर टणाटण उड्या पडू लागल्या. पिसवा! घरात मांजर नसताना एवढ्या आल्या कुठून?

आईने निकाल दिला, "मनीला गोणीत घाल अन् गिरणेपल्याड सोडून ये." धाकटीने रडून घर डोक्यावर घेतले. शेवटी मनीला घेऊन मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. तेथे उलगडा झाला.

जनावराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती केसांत टिकत नाहीत. मांजर झोपते तेथे गळतात. अळ्या उजेड टाळून फरशीच्या सांध्यांत, गोधडीच्या शिवणींत, कॉटखालच्या धुळीत वाढतात व कोष करतात. कोषातली पिसू काही महिने दम धरून बसू शकते. पायांचा हादरा, अंगाची ऊब लागली की बाहेर पडते. आमच्या बंद घरात तेच झाले होते.

पिसवा ओळखायच्या कशा? उवांच्या बारीक फणीने केस विंचरा. काळे कण पडले तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घ्या. तांबूस डाग उमटला, की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे जनावराचे पचलेले रक्त. फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवा. लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर पोटात पट्टकृमी होऊ शकतो, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे कपाशीवरचे फवारणीचे औषध पुष्कळ घरांत असते. ते जनावराला मुळीच लावू नका. मांजर अंग चाटते, विष पोटात जाते. कुरवाळणाऱ्या पोरांच्या हातालाही लागते. कुत्र्याचे औषधही मांजरीला लावू नये. परमेथ्रिन कुत्र्याला सोसते, मांजर त्याने दगावते. वय व वजन सांगून डॉक्टरांकडूनच औषध घ्यावे. घरात दोन-तीन जनावरे असतील तर सर्वांना एकाच वेळी द्यावे.

बाकी काम झाडूचे. कॉट सरकवून कोपरे झाडायचे, केर लगेच बाहेर टाकायचा, अंथरुणे गरम पाण्यात धुऊन धाब्यावर कडक उन्हात घालायची. (हे सारे एकट्या बायकोच्या गळ्यात घालू नये. आमच्याकडे कॉट मी सरकवतो.) जुने कोष फुटत राहतात, म्हणून आठ दिवसांत पिसवा दिसल्या तरी औषध वाया गेले असे समजू नका. आम्हाला दोन महिने लागले. मनी अजून कॉटखालीच झोपते. तिच्या पोत्याच्या जागी आता जुनी चादर आहे, ती दर रविवारी धुतो.