कायदा आपल्या दारी : निर्दोष सुटलो, पण नोंदीचे काय?

दर एक नोव्हेंबरला बेळगावात महाराष्ट्रात सामील होऊ पाहणाऱ्या मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी निघते. फेरी पांगली की विनापरवाना मिरवणूक, जमावबंदीचा भंग, कधी दोन भाषकांत तेढ असे गुन्हे दाखल होतात. खटले रेंगाळतात. (मूळ सीमाप्रश्नाचा दावाच सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, तिथे घोषणेच्या खटल्याला कसली घाई?) पुढे काही जण निर्दोष सुटतात. नोंद मात्र सुटत नाही.

कारण प्रौढांची जुनी नोंद ठरावीक काळाने आपोआप बंद करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये तो १९७४ पासून आहे. किरकोळ शिक्षा भोगून पुढची काही वर्षे पुन्हा गुन्हा केला नाही, तर बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. आपण ही उदारता मुलांपुरती ठेवली. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम २४ सांगते की अपिलाची मुदत संपल्यावर मुलाच्या दोषसिद्धीची कागदपत्रे नष्ट करावीत. गंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चाललेला सोळा वर्षांवरचा मुलगा एवढा अपवाद. प्रौढांसाठी २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात थोडी सोय आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस सुटला, की न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर त्याचे ठसे आणि मोजमापे नष्ट करायची. फिर्याद, आरोपपत्र आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर दिसणारे नाव यांना ते लागू नाही.

याची झळ सीमेवर जास्त बसते. निपाणीचा मुलगा कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरतो. पत्ता कर्नाटकातला, म्हणून पोलिसांचा दाखला तिथलाच. फिर्याद कन्नडमध्ये, वाचणारा साहेब कोल्हापूरचा. त्याला कळतो तो फक्त कलमाचा आकडा, आणि जुन्या दंड संहितेतले १५३-अ (गटांत तेढ) म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे दंगल उभी राहते. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, भाषांतर करून घ्या आणि दाखल्यासोबत तीच पुढे करा.

अर्जात विचारले असेल तर लपवू मात्र नका. ‘अवतार सिंग’ खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने खरी माहिती देणे बंधनकारक धरले. त्याच निकालात, एखाद्याने क्षुल्लक प्रकरण दडवले तर मालक त्याकडे कानाडोळा करू शकतो, असेही म्हटले आहे. उदाहरण कोणते दिले? तरुणपणी दिलेल्या घोषणा! बेळगावच्या वकिलांनी हा परिच्छेद पाठच करावा.

माझे मत विचाराल तर लाचखोरी किंवा स्त्रियांवरील अत्याचार यांतली शिक्षा झाकू नये, ती लोकांना कळलीच पाहिजे. घोषणा आणि जमावबंदीच्या खटल्यात मात्र निर्दोष सुटकेबरोबरच नोंद आपोआप बंद व्हावी. सुटलेल्याने खेटे का घालावेत?

सगळ्यात चिवट कागद म्हणजे रावडी शीट, म्हणजे एखाद्याला गुंड ठरवून त्याच्यावर नजर ठेवण्यासाठीचे पत्रक. ती न्यायालय नव्हे, पोलीस उघडतात. दिल्लीच्या एका आमदाराच्या प्रकरणात ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की असे पत्रक हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो चव्हाट्यावर आणायचा नाही. वेळोवेळी फेरतपासणीही हवी. इतर राज्यांनाही आपले नियम तपासायला सांगितले. तेव्हा शीट असेल तर निकालाची प्रत जोडून बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडे, निपाणी-चिक्कोडीकडे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. उत्तर आले नाही, तर त्या पोचेसह धारवाडच्या खंडपीठात रिट दाखल करता येते.