जुनं डिझेल इंजिन काहीही पचवतं?

‘जुन्या इंजिनात काहीही ओता, चालतंय,’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. पाठोपाठ दाखलाही ठरलेला: रुडॉल्फ डिझेलनं इंजिन बनवलंच मुळी शेंगदाणा तेलासाठी. हे खरं नाही. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं, तेही फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून. इंजिन होतं खनिज तेलाचं. काही फेरफार न करता ते चाललं, एवढंच.

पण चालणं वेगळं, टिकणं वेगळं. 40 अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा 2 ते 4.5 सेंटिस्टोक, खाद्यतेलाचा 30च्या पुढे. असं तेल नीट फवारलं जात नाही. मोठे थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या टोकाला काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट करतं. पंपसेटचं मंदगती इंजिन हे काही काळ सोसतं. कॉमन रेल गाडीत दाब 1,600 बारच्याही वर आणि नोझलची भोकं जेमतेम 0.1 मिलिमीटरची, तिथं सोसणं नाहीच.

रॉकेल पातळ, म्हणून निर्धोक? इंजेक्शन पंपाला वंगण मिळतं ते इंधनातूनच, आणि रॉकेलमध्ये ते कमी.

बायोडिझेल म्हणजे गाळलेलं तेल, हाही घोळच. करंज किंवा तळणाच्या तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढतात, तेव्हा दाटपणा डिझेलजवळ येतो. ऊर्जा मात्र लिटरमागे सुमारे 7-8 टक्के कमी. शिवाय काजळीचा फिल्टर साफ करायला नव्या गाड्या बऱ्याचदा सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. बायोडिझेल सहजी उडून जात नाही, थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलमध्ये ते 7 टक्क्यांपर्यंतच चालतं.

आता ‘जुनीच इंजिनं काटकसरी’ या समजाबद्दल. 1897 साली डिझेलच्या इंजिनानं सुमारे 26 टक्के उष्णता कामाला लावली. आजची चांगली मोटारगाडी 40पर्यंत जाते. जुन्या जीपमधल्या प्युजो इंजिनात इंधन बाजूच्या कप्प्यात पेटायचं, त्याच्या भिंतीच बरीच उष्णता खायच्या. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज बरं वाटतं ते बऱ्याचदा हलकं वजन आणि बेताचा वेग यांमुळे. ज्या बारीक भोकांनी नवं इंजिन नाजूक झालं, तीच डिझेल वाचवतात.

किती टक्के बायोडिझेल चालेल ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा, मगच सुट्या कॅनमधलं इंधन टाकीत ओता.