दुर्बिणीच्या पोटातली रेघ

तळोज्यात आज कुठल्याही बाजूला गेलं तरी तिपाईवर ठेवलेली एक छोटी दुर्बीण दिसते. एक डोळा मिटून सर्व्हेअर तिच्यात बघत असतो आणि पलीकडे मदतनीस आकड्यांची उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, सरळ धरून उभा असतो. रस्ते, गटारं, इमारतींचे पाये, बेलापूर ते पेंधर धावणारी मेट्रो, असं सगळं काम या नजरेपासून सुरू होतं. त्या दुर्बिणीला ऑटो लेव्हल म्हणतात. आत डोकावलं तर स्टाफच्या चित्रावर काळ्या रेघा दिसतात: एक उभी, एक आडवी, आणि आडवीच्या वर-खाली दोन छोट्या. या दोन छोट्या रेघांमध्ये स्टाफचा जेवढा भाग मावतो, त्याला १०० ने गुणलं की अंतर मिळतं. ४२ सेंटिमीटर दिसले तर स्टाफ ४२ मीटरवर आहे. टेप न ओढता!

रायफलवर बसवायच्या स्कोपमध्ये जे रेटिकल असतं, ते याच रेघांचं भावंड आहे. आणि स्कोप निवडायचा म्हणजे मुख्यतः या रेघा कुठे आणि कशा असाव्यात ते ठरवायचं, असं माझं ठाम मत आहे. लोक आधी विचारतात, किती पट मोठं दिसतं? तो प्रश्न नंतरचा.

रेघ बाहेर लक्ष्यावर नसते, पुढच्या भिंगावरही नसते. पुढचं भिंग नळीच्या आत, हवेत, दूरच्या दृश्याचं एक इवलंसं उलटं चित्र उमटवतं. रेघ नेमकी त्या चित्राच्या पातळीवर ठेवलेली असते. त्यामुळे डोळ्याला रेघ आणि शंभर मीटरवरचं लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, दोन्ही सारखीच रेखीव. साध्या बंदुकीत हे शक्य नाही. तिथे मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशी तीन अंतरं असतात आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं, ते दुर्बिणीशिवाय. त्याच्या प्रकारात रायफलला दुर्बीण चालतच नाही. ५० मीटरवरच्या निशाण्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद असतं. नुसत्या बारीक छिद्रातून बघून हे साधायचं, याला काय म्हणावं!

चित्राच्या जागी रेघ ठेवण्याची युक्ती १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज तरुणाला सापडली. दुर्बिणीत शिरलेला कोळ्याचा धागा चित्रासोबत स्वच्छ दिसला, त्यावरून त्याला ती सुचली असं सांगतात. १६४४ मध्ये तो मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, पण युक्ती टिकली. आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये मरण पावला. दक्षिणेच्या टोकापासून तिथवर त्याने देश मोजत आणला होता, तो दुर्बिणीतल्या अशाच रेघांच्या भरवशावर.

आता कमी पटीच्या, बदलत्या स्कोपकडे येऊ. १ ते ६ पट, पुढचं भिंग २४ मिलिमीटर, हा त्यातला नेहमीचा प्रकार. १ पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं आणि शंभर मीटरवर साधारण ३५ ते ४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ६ वर तोच सहा-साडेसहा मीटरवर येतो. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते: २४ भागिले ६, म्हणजे ४ मिलिमीटर. १० पटीला ती २.४ उरते. तिन्हीसांजेला बाहुली याहून मोठी होते, मग चित्र काळवंडतं. म्हणून मला ६ पट पुरेशी वाटते. कोकणपट्टीच्या दमट हवेत नळी हवाबंद आणि नायट्रोजन भरलेली हवीच, नाहीतर आतून धुकं धरतं.

उरला रेघेचा प्रश्न. नळीत चित्र दोनदा उमटतं: आधी उलटं, मग मधली भिंगं ते सुलटं करतात आणि पटही तीच बदलतात. रेघ पहिल्या जागी असली तर पट वाढताना चित्रासोबत तीही मोठी होते. तिच्या खुणांचं माप कायम खरं राहतं, पण १ पटीवर ती केसासारखी होते. दुसऱ्या जागी असली तर जाडी बदलत नाही, पण माप एकाच पटीला खरं असतं, बहुधा सर्वात मोठ्या. जवळच्या, झटपट कामाला मी दुसरी घेईन, मधोमध प्रकाशित ठिपका असलेली. अंतराचा अंदाज घ्यायचा असेल तर पहिली.

खुणा सहसा मिलमध्ये असतात: एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. या हिशेबाने सर्व्हेअरच्या दोन छोट्या रेघांमधलं अंतर बरोबर १० मिल भरतं. कुसाळेचं ते वर्तुळ एका मिलचा जेमतेम पाचवा भाग.

आणि पौर्णिमेचा चंद्र साधारण ९ मिल रुंद असतो! म्हणून स्कोप विकत घेण्यापूर्वी, तो रायफलवर न चढवता, गच्चीवरून चंद्राकडे धरावा (सूर्याकडे चुकूनही नाही). आधी डोळ्याजवळचं कडं फिरवून रेघ धारदार करून घ्यावी. ६ पटीवर एकेका मिलच्या ९ खुणा चंद्राने व्यापल्या तर माप खरं. मग पट ३ वर आणावी. तरीही ९ भरल्या तर रेघ पहिल्या जागी आहे. साडेचारच भरल्या तर दुसऱ्या.